वाजवायचा नाही, तर ठेवायचा कशाला?

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेमाच्या वादकाने रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन भैरव, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ठेक्याला टीआर-८०८ आणि बेसला टीबी-३०३. रेकॉर्ड फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरचे लोक चक्रावले. कारण शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये गाजवलेल्या ॲसिड हाऊसच्या जवळ जाणारं काहीतरी मुंबईत आधीच वाजून गेलं होतं.

ही पोरं ३०३ पर्यंत पोचली कशी? ते यंत्र बाजारात आपटलं होतं, म्हणून. गिटारवाल्यांना साथ द्यायला काढलेलं, कोणाला फारसं आवडलं नाही, १९८४ मध्ये बंद झालं आणि जुन्या बाजारात कवडीमोल विकलं गेलं. आज तेच लाखांत जातं. म्हणजे खिशात पैसे नसलेल्या ज्या मुलांमुळे त्याला किंमत आली, तशा मुलांच्या हाती ते आता लागणार नाही. ते कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये काचेआड आहे.

यावर संग्राहकाचं उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. ८०८ चा तो फसफसणारा आवाज ठरावीक सदोष ट्रान्झिस्टरमधून येतो. कारखान्यांची गुणवत्ता सुधारली, तसे ते मिळेनासे झाले आणि यंत्रच बंद पडलं. असा भाग गेला की गेला. मग रोज वाजवून झिजवायचं कशाला?

पण न वाजवल्याने काही टिकत नाही. कपॅसिटर आतून सुकतात, स्लायडर अडकतात. ते बदलायचे म्हटले, तर ‘ओरिजिनल’पणा जातो आणि भाव पडतो. इथे मला संग्राहकाचा हिशेब पटत नाही.

आमच्याकडे वाशिम जिल्ह्यात, जऊळक्याला, भजनी मंडळाची पेटी असते तिचं बघा. भाता बदललेला, दोन-तीन रीड नवे, पट्ट्यांचे रंग वेगवेगळे. ती ओरिजिनल आहे का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही येत नाही. सप्ताहाला शेजारच्या गावी जाते, कधी सूर उतरवून परत येते. तरी ती मंडळाचीच पेटी. सिंथेसायझरला मी हाच नियम लावेन. ज्या भागावर आवाज अवलंबून आहे, तो जपावा. बाकीचं बिनधास्त बदलावं आणि शिकणाऱ्याच्या हाती द्यावं. ‘सॉफ्टवेअर आहे की’ असं कोणी म्हणेल. मीही कोडच लिहितो. आवाज बराचसा जुळतो, हे खरं. पण त्या मुलांनी ३०३ ची बटणं मनाला येईल तशी पिळली आणि त्यातून ॲसिड हाऊस निघालं. माउसने एका वेळी एकच बटण फिरतं.

एक अडचण मात्र मला सुटलेली नाही. पेटी बिघडली की मंडळ वर्गणी काढतं. संग्राहकाने यंत्र वाजवायला दिलं आणि ते मोडून परत आलं, तर दुरुस्तीचा खर्च त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. त्याच्यासाठी वर्गणी कोण काढणार?