बांधकाम खरेदीतील जोखीम आणि न्याय
सिमेंट, पोलाद, खडी किंवा कंत्राटी मजुरी यांच्या खरेदीत भाववाढ, उशीर आणि निकृष्ट माल यांची जोखीम असतेच. करार ती कोणाच्या तरी वाट्याला देतो, म्हणून हा प्रश्न न्यायाचाही आहे. भगवद्गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे मानतो: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. या विचाराने पाहता, मालाच्या दर्जाची जोखीम कंत्राटदाराची, कारण तपासणी त्याच्या हाती. पूर किंवा जागतिक बाजारातील पोलादाच्या भावाचा भडका मात्र कोणाच्याच हाती नसतो. ती जोखीम एकट्या लहान उपकंत्राटदारावर ढकलणे अन्यायाचे आहे. भाववाढीचे आणि नैसर्गिक आपत्तीचे कलम त्यासाठीच असते.

सर्वात अवघड खरेदी जमिनीची. पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी सुमारे १,१६० हेक्टर जागा लागली, उलवे टेकडी उतरवावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला. भूमिपूजन २०१८ मध्ये झाले, उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. मधल्या काळात, २०२१ मध्ये, प्रकल्पाची सूत्रे जीव्हीके समूहाकडून अदानी समूहाकडे गेली. कंपन्यांनी निविदा भरताना किंवा प्रकल्प हाती घेताना जोखीम मोजली होती. विमानतळासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांनी कोणतीही निविदा भरली नव्हती. त्यांना गेलेल्या जमिनीच्या साडेबावीस टक्के इतके विकसित भूखंड देण्याचे ठरले. पण भूखंड मिळण्यातला प्रत्येक उशीर शेती गमावलेल्या घराने सोसायचा असतो, आणि त्याची भरपाई ठरवणारे कलम कंत्राटदाराच्या करारात सापडत नाही.