न जन्मलेला शेजारी

आपला शेजारी कोण, हा प्रश्न संडेस्कूलातील लहान मुलांनाही ठाऊक असतो. उत्तर देताना आम्ही भिंतीपलीकडचे घर दाखवितो, किंवा वाटेत जखमी होऊन पडलेला परका मनुष्य. परंतु जो अजून जन्मलाच नाही आणि हजारो वर्षांनी या भूमीतले पाणी पिणार आहे, तो आमचा शेजारी होय की नव्हे?

अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनाने हा प्रश्न उभा केला आहे. त्यातील प्लुटोनियम-२३९ निम्मे होण्यास सुमारे २४ हजार वर्षे लागतात. आयोडीन-१२९ निम्मे होण्यास दीड कोटीहून अधिक. असा कचरा खोल पुरला, तरी खडकांच्या भेगांतून झिरपणारे पाणी ही त्याची बाहेर पडण्याची मुख्य वाट असते. तेथे सर्व द्रव्ये सारखी वागत नाहीत. सीझियम चिकणमातीला धरून राहते. आयोडीन कशालाच फारसे न चिकटता पाण्याबरोबर चालू लागते. यूरेनियम प्राणवायूरहित खोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण प्राणवायू मिळताच विरघळू लागते.

प्लुटोनियम खडकाला चिकटून जागीच राहील, असा पुष्कळांचा भरवसा होता. अमेरिकेत नेवाडा येथे १९६८ साली जमिनीखाली अणुस्फोटाची चाचणी झाली. तिचे प्लुटोनियम १.३ किलोमीटर दूरच्या भूजलात आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पाण्यातील अतिसूक्ष्म कणांवर बसून ते तेथवर गेले होते. प्रमाण अत्यल्प होते. तथापि भरवसा चुकला होता.

चूक होऊ शकते हे जाणून वागणे, हीच शेजारधर्माची पहिली पायरी आहे. फिनलंडने १९९४ साली आपला अणुकचरा परदेशी धाडण्यास कायद्याने मनाई केली. ओल्किलुओतो बेटावर चारशे मीटरहून खोल खडकात भुयारे खोदली. इंधनासाठी तांब्याची पिंपे, त्यांभोवती पाण्याने फुगणारी बेंटोनाइट माती आणि त्यापलीकडे खडक, अशी योजना केली. एक अडथळा हुकला तर दुसरा असावा. तेथील स्थानिक कौन्सिलाने २००० साली संमतीही दिली. पण पुढच्या पिढ्यांची संमती कोण घेणार?

कोणी म्हणेल, ज्यांचे नाव, भाषा ठाऊक नाही, त्यांचे आम्ही काय देणे लागतो? आम्हांस वाटते, एवढे ठाऊक असणे पुरे की त्यांना तहान लागेल. वीज आमची आणि धोका त्यांचा, असा हा व्यवहार आहे. तारापूर व कैगा येथेही अणुवीज निर्माण होते. म्हणून हा प्रश्न केवळ परदेशाचा नव्हे. जो विचारू शकत नाही, त्याच्या वतीने आज आम्हीच विचारले पाहिजे.