आपली मुले, लोकांची मुले

दफनभूमीत होणाऱ्या भाषणांत दोन गोष्टी हमखास जोडीने सांगितल्या जातात. दिवंगत गृहस्थ कुटुंबवत्सल होते, आणि गावातल्या मुलांना त्यांनी मैदानावर घडविले. वसईपासून मुंबईपर्यंत असा एखादा माणूस नाही असा धर्मग्राम विरळाच. कुठे तो क्रिकेट शिकवितो, कुठे फुटबॉल, कुठे कबड्डी. ऐकणारे माना डोलावतात, शवपेटीवर मूठमूठ माती पडते, आणि त्या दोन विधानांना जोडणारे 'आणि' हे अव्यय तपासून पाहण्याचे कोणालाच सुचत नाही.

वास्तविक ते तपासण्याजोगे आहे. मुलांचा सराव संध्याकाळी होतो आणि सामने रविवारी असतात. कारखान्यातून वा बँकेतून सुटलेला बाप घरच्यांच्या वाट्याला येतो तोही याच वेळी. मग लोकांच्या मुलांना दिलेली संध्याकाळ कोणाच्या ताटातून काढून दिली? हा प्रश्न मृताच्या अनादरासाठी विचारलेला नाही. मात्र तो टाळून केलेले स्मरण अर्धेच होते, असे मला वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वात द्रोणाचार्य पाणी आणावयास शिष्यांना अरुंद तोंडाचे कमंडलू देतात आणि अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचा घडा. घडा लवकर भरतो, मुलगा आधी परततो, आणि इतर येईपर्यंत बाप त्याला जास्तीची विद्या शिकवितो. अर्जुनाच्या हे ध्यानी येते. तो वारुणास्त्राने कमंडलू भरून अश्वत्थाम्याच्या बरोबरीनेच परतू लागतो. ज्याच्या पोराने दूध समजून पिठाचे पाणी प्यायले होते, त्या बापाची ही लबाडी समजू शकते. क्षम्य आहे काय, हे निराळे. केंद्र सरकारने १९८५ साली क्रीडा-प्रशिक्षकांसाठी पुरस्कार सुरू केला, तेव्हा त्याला नाव दिले ते याच गुरूचे. त्या नावासरशी लोकांना एकलव्याचा अंगठा आठवतो. घडा सहसा आठवत नाही.

परंतु आमच्या गावच्या मैदानांवर मला द्रोणाचार्यांच्या उलट प्रकार अधिक दिसला आहे. प्रशिक्षकाचा स्वतःचा मुलगा संघात असला, की त्याला सर्वांत शेवटी फलंदाजीला धाडले जाते. चूक दुसऱ्याने केली तर समज मिळते. त्याने केली तर चारचौघांत बोलणी. 'पोराला पुढे करतो' असे कोणी म्हणू नये, म्हणून बाप त्याला मागे ठेवतो. लोक याला निःस्पृहपणा म्हणतात. मला यात न्याय दिसत नाही. स्वतःच्या नावलौकिकाची किंमत येथे मुलाकडून वसूल केली जाते, आणि ते मूल तक्रार तरी कोणाकडे करणार? घरी बाप आहे आणि मैदानावरही तोच आहे.

सेमिनरीत आम्हांला प्रेमाच्या क्रमाविषयी शिकविले जाई. संत ऑगस्टीनचे म्हणणे असे की, सर्वांचेच भले करणे माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून स्थळकाळाने जो आपल्याजवळ आला आहे, त्याची काळजी आधी घ्यावी, जणू चिठ्ठी टाकून तोच आपल्या वाट्याला आला आहे. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र तर आणखी कठोर आहे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला ते विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट ठरविते. संत थॉमस अक्वायनस हाच क्रम मानतो, पण त्यात एक दार उघडे ठेवतो. परक्याची गरज निकराची असेल आणि आप्ताची तितकी नसेल, तर परक्याकडे आधी धावावे. चाळीतल्या वा पाड्यावरच्या ज्या मुलाला संध्याकाळी नाक्याखेरीज जागा नाही, त्याची गरज निकराची नाही असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

या संदर्भात मला रमाकांत आचरेकर आठवतात. मालवणकडचा हा माणूस. स्टेट बँकेच्या संघाकडून तो प्रथम दर्जाचा एकच सामना खेळला, आणि पुढे शिवाजी पार्कवर त्याने पिढ्यांमागून पिढ्या उभ्या केल्या. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० साली पद्मश्री. यष्टीवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे आणि मुलाला मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर धावणारी स्कूटर या गोष्टी आता सर्वांना पाठ आहेत. २ जानेवारी २०१९ रोजी ते वारले. त्यांची कन्याही पुढे मुलांना क्रिकेट शिकवू लागली. या घराला मैदान अगदीच परके राहिले नव्हते, एवढे त्यावरून म्हणता येईल. त्याहून अधिक बाहेरच्याने बोलू नये.

त्यांच्या सर्वांत नामांकित शिष्याने १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निरोपाचे भाषण केले. सरांनी मला कधीही 'छान खेळलास' म्हटले नाही, ही त्यातील आठवण गाजली. मला त्या भाषणातली यादी अधिक मोलाची वाटते. शाळा बदलल्यावर चार वर्षे ज्यांच्या घरी राहिला ते काका-काकू, स्वतःची कारकीर्द बाजूला ठेवणारा भाऊ, आणि डॉक्टर असूनही मुलांसाठी घर सांभाळणारी पत्नी, या सर्वांची नावे त्याने घेतली. त्याचे वडील रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक होते. आपले शाळकरी मूल रोज दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे, हेही बापाने दिलेले दानच होय. या हिशेबात त्याची नोंद क्वचितच होते.

गावच्या प्रशिक्षकाच्या बाबतीत ही यादी कोणी करीत नाही. तो संध्याकाळ देतो खरा. पण ती एकट्याची नसते. तिच्यातला निम्मा वाटा पत्नीचा असतो. अंधार पडेपर्यंत ती जेवण झाकून ठेवते, चिखलाने माखलेले बनियन धुते, पगारातून चेंडू आले की महिनाअखेरीला ओढाताण सोसते. तिला विचारून ही संध्याकाळ दिली असेल, तर ते दोघांचे दान आहे आणि कृतज्ञतेचे शब्द दोघांच्या नावे उच्चारले पाहिजेत. न विचारता दिली असेल, तर त्याने दुसऱ्याच्या मालकीची वस्तू उदारपणे वाटली. गुरूचे ऋण पैशाने मोजता येत नाही, देवाच्या आणि आईबापांच्या ऋणासारखे ते यथाशक्ती फेडावे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. कोणाला फेडावे, हे मात्र आपणच शोधायचे आहे.

मुलांचा हिशेब, माझ्या अनुभवाने, आपण समजतो तसा तासांचा नसतो. असे वडील गेल्यावर भेटीला आलेली मुले 'बाबा उशिरा येत' ही तक्रार फारशी करीत नाहीत. बाबा आल्यावर जेवताना आमच्याशी काय बोलत, हे ती सांगतात. किंवा काहीच बोलत नसत, हे सांगतात.

आमच्याकडच्या एका घरात खेळाच्या सामानाची पिशवी अजूनही पडवीतच असते. गृहस्थ जाऊन तीन वर्षे झाली. मुले पाचला येऊन ती नेतात आणि दिवेलागणीनंतर परत आणून ठेवतात. घरच्या बाई चेंडू मोजून घेतात.