पॅरिसच्या तहाबाहेरची माणसे

१० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिसमध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि स्पेन यांच्या वकिलांनी तहावर सह्या केल्या आणि सप्तवार्षिक युद्धातले या साम्राज्यांचे भांडण मिटले. कॅनडा ब्रिटनकडे गेला. स्पेनने फ्लोरिडा देऊन हवाना सोडवून घेतले. फ्रान्सने कॅनडावर पाणी सोडले, पण ग्वादलूप बेट मात्र हट्टाने परत मागितले. गुलामांच्या घामातून तिथे पिकणारी साखर पॅरिसला त्या अफाट बर्फाळ प्रदेशापेक्षा मोलाची वाटत होती. मिसिसिपी नदीच्या पूर्वेचा जवळजवळ सारा मुलूखही याच कागदाने एका राजाकडून दुसऱ्याकडे गेला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ओटावा, डेलावेअर, शॉनी या लोकांना कोणी विचारलेही नाही.

या युद्धाचा विचार करताना मला नेहमी हीच गोष्ट सलते. लढणारे दरबार युरोपातले, पण किंमत मोजणारे भलतेच. पहिली चकमक १७५४ साली ओहायो नदीच्या खोऱ्यात झडली. व्हर्जिनियाच्या तुकडीचा म्होरक्या होता २२ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन. युद्ध रीतसर जाहीर व्हायला अजून दोन वर्षे होती. तेवढ्यातच, १७५५ पासून, नोव्हा स्कॉशियातल्या फ्रेंचभाषक अकेडियन शेतकऱ्यांना इंग्रजांनी घरांतून काढून जहाजांत कोंबले. त्यांनी बिनशर्त राजनिष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला, एवढाच अपराध. पुढच्या काही वर्षांत १० हजारांहून जास्त लोक असे देशोधडीला लागले, घरे जाळली गेली, कुटुंबे फुटली, कित्येक वाटेतच दगावले. वाचलेल्यांपैकी काहीजण पुढे लुइझियानात वसले. तिथले केजन लोक त्यांचेच वंशज.

तहानंतर काही महिन्यांतच ओटावा सरदार पाँटिअ‍ॅक आणि त्याच्या मित्र जमातींनी इंग्रजांच्या ठाण्यांवर हल्ले चढवले. फोर्ट पिटच्या वेढ्यात बोलणी करायला आलेल्या डेलावेअर प्रतिनिधींना इंग्रजांनी देवीच्या रुग्णांची पांघरुणे भेट म्हणून दिली. किल्ल्यातल्याच एका व्यापाऱ्याच्या रोजनिशीत ही नोंद आहे. लंडनने मग अ‍ॅपलेशियन पर्वतापलीकडे गोऱ्यांनी वस्ती करू नये असा जाहीरनामा काढला. त्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेले वसाहतवाले चिडले. त्यात युद्धामुळे ब्रिटनचे कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून १३ कोटींच्या पुढे गेले होते. अमेरिकेतल्या फौजेचा खर्च तिथूनच वसूल करायला १७६५ चा स्टॅम्प कायदा आला आणि बंडाची ठिणगी पडली. फ्रान्सने सूड म्हणून त्या बंडाला पैसा आणि आरमार पुरवले. त्यासाठी काढलेल्या कर्जाने पुढे फ्रान्सचे राजघराणे गोत्यात आले.

खुद्द युरोपात प्रशिया आणि ऑस्ट्रिया सायलीशियासाठी सात वर्षे झुंजले. अखेरीस सायलीशिया होता तिथेच, प्रशियाकडे राहिला.

हिंदुस्थानात या युद्धाची तयारी आपल्या किनाऱ्यावर झाली, हे मात्र आपण विसरलो आहोत. फ्रेंचांशी गाठ पडणार म्हणून अ‍ॅडमिरल वॉटसनचे आरमार इकडे आले होते. १७५५ च्या अखेरीस क्लाइव्ह मुंबईत उतरला तोही दख्खनमधल्या बुसीच्या फ्रेंच फौजेविरुद्ध मोहीम काढायला. ती मोहीम बारगळली. हाताशी आलेले हे बळ मग, पेशव्यांशी संगनमत करून, तुळाजी आंग्र्यांवर वळले. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. तेच वॉटसन आणि क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये होते. जानेवारीत कलकत्ता, मार्चमध्ये फ्रेंचांचे चंद्रनगर, जूनमध्ये प्लासी. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि १७७० च्या भीषण दुष्काळातही सारावसुली थांबली नाही.

२२ जानेवारी १७६० रोजी वांदिवाशला इंग्रज सेनानी आयर कूटने फ्रेंचांचा कणा मोडला. पाँडिचेरी पडली ती १६ जानेवारी १७६१ ला, पानिपतानंतर अवघ्या दोन दिवसांनी. पानिपतावर ज्या इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना गर्जला, तो बुसीच्याच फौजेत तयार झालेला. बुसीला १७५८ मध्येच दख्खनमधून परत बोलावले होते. म्हणजे पानिपतापूर्वीच दख्खनमधला इंग्रजांचा एकमेव युरोपीय प्रतिस्पर्धी मागे हटला होता, आणि पानिपताच्या आठवड्यातच त्याची राजधानी कूटच्या हाती गेली. पाठ्यपुस्तकात पानिपताच्या पानाला लागूनच विजयदुर्ग, वांदिवाश आणि पाँडिचेरी यायला हवीत. आपली मुले तो जानेवारी महिना एकाच रणांगणापुरता शिकतात, हे मला मान्य नाही.

तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरे. तरीही त्याला नमवण्यासाठी कोकणच्या समुद्रात इंग्रजांच्या तोफा बोलावणे ही नानासाहेब पेशव्यांची पानिपताहूनही मोठी चूक होती, असे माझे ठाम मत आहे. विजयदुर्ग इंग्रजांकडून सोडवून घेतानाही त्यांना ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट द्यावे लागले. पानिपताची हानी थोरल्या माधवरावांनी दहा वर्षांत बरीच भरून काढली. विजयदुर्गावर पेशव्यांच्या धुळप सरदारांनी पुन्हा आरमार उभे केले, हिमतीने लढवले, पण कंपनीच्या जहाजांना मुंबईची वाट बंद करण्याइतके ते कधीच वाढले नाही.