एक्सचे गाणे

अंताक्षरीत 'ळ' आला की 'ल' घ्यायचा, हा आमच्या सोनाळ्याचा जुना नियम. गावाच्या नावातच 'ळ' आहे, पण त्यावरून सुरू होणारं एकही गाणं आमच्याकडे नाही. त्याची कुणाला खंतही नाही.

सुट्टीत पुण्याची नात आली. तिने इंग्रजी गाण्यांचा डाव मांडला, अक्षरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या वाट्याला नेमका 'एक्स' आला. पाणी पिण्याच्या निमित्ताने मी आत गेलो, रांजणाआड मोबाइल चाळला. 'झॅनाडू'! साल १९८०, गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन. लिहायला 'एक्स', म्हणायला 'झ'. म्हणजे खोटेपणाची सुरुवात त्या अक्षरापासूनच होती.

"आजोबा, तुम्ही ऐकलंय हे?"

"तेव्हापासून!" मी म्हणालो.

तेव्हा आमच्या ट्रान्झिस्टरवर बिनाका गीतमाला लागे, तीही खरखरीसकट. अर्धसत्य बोलल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. पण त्याच्यापुढे निदान युद्ध तरी होतं. माझ्यापुढे शेंगदाण्याचे लाडू होते.

रात्री ते गाणं चोरून ऐकलं. तीनदा. आणि चक्क आवडलं की हो! आता खोट्याच्या वाटेने आलेली आवड खरी म्हणायची की खोटी?

"पोरीले खरं सांगून द्या ना," सौभाग्यवती म्हणाल्या.

काल तिचाच फोन आला. "आजोबा, तुमचं झॅनाडू मैत्रिणींनाही आवडलं! तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलं होतं?"

"हॅलो? हॅलो?" मी म्हणालो, "सातपुड्यामुळे आवाज तुटतोय गं, बेटा."