दुरुस्ती : हातांची आणि विवेकाची

आपल्या घरची मोटार आपणच दुरुस्त करावी काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. तरीही वैतरणेच्या काठापासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात तो दर सुट्टीच्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या अंगणात उभा राहतो. बॉनेट उघडलेले असते, गोणपाटावर पाने, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर मांडलेले असतात, घरधनी अर्धा गाडीखाली असतो आणि घरधनीण दारातून विचारते, ‘‘मिस्त्रीला बोलावले असते, तर एव्हाना झाले नसते का हो?’’ तिच्या ह्या प्रश्नात वेळेचा आणि पैशाचा हिशेब आहेच. परंतु आपल्या मालकीच्या वस्तूविषयी आपले कर्तव्य काय, आपल्या हातांवर किती विसंबावे आणि आपल्या कामाचा भार दुसऱ्या कोणाच्या जिवावर पडतो काय, हे तीन प्रश्नही त्यात दडलेले आहेत. त्यांचा विचार श्रद्धावंताने करावा, असे मला वाटते.

एक काळ असा होता की, मोटार आपले अंतरंग मालकापासून लपवीत नसे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी ह्या गाड्या बाहेर पडल्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही छोटी गाडी रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारी मोटार उभी राहू लागली. ह्या गाड्यांचे बॉनेट उघडले की कार्बोरेटर, प्लग, फॅन बेल्ट, रेडिएटर सारे डोळ्यांपुढे येई. चार पाने आणि थोडे धैर्य असले की माणूस कामाला लागू शके. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे, हे संगणक ठरवितो. इंजिनावर प्लॅस्टिकचे झाकण असते आणि बिघाडाचे निदान करण्यासाठी वेगळे यंत्र जोडावे लागते. तरीही बॅटरी, वायपर, हवेचा फिल्टर, दिव्यांचे बल्ब, चाक बदलणे, दारांच्या तळाची भोके मोकळी करणे, अशी कितीतरी कामे आजही घरच्या माणसाच्या आवाक्यातली आहेत.

आवाक्यातली आहेत, म्हणून ती सोपी आहेत असे मात्र नव्हे. केळवे, सातपाटी, तारापूर ह्या किनाऱ्याच्या गावांत वाऱ्याबरोबर मीठ येते आणि मीठ लोखंडाला सोडत नाही. दहा मिनिटांचे काम म्हणून आपण बोल्टला पाना लावतो. बोल्ट गंजून बसलेला असतो. जोर लावावा, तर त्याचे डोके गोल होते. आणखी जोर लावावा, तर आटे जातात. नेमका हवा तो पाना घरंगळत जाऊन हात पोहोचणार नाही अशा जागी पडतो. बाजारातून आणलेला भाग मागच्या मॉडेलचा निघतो. सारे जोडून झाल्यावर एक वॉशर हातात उरतो आणि तो कुठला, हे कोणालाच सांगता येत नाही. तोवर ऊन उतरलेले असते, बोटे सोलवटलेली असतात आणि मुले दबक्या पावलांनी घरात वावरत असतात.

ह्या चिडचिडीचे मूळ शोधले, तर एक गोष्ट ध्यानात येते. माणसांना आपण शब्दांनी वळवू शकतो. हुद्दा, वय, मोठा आवाज यांनी आपण पुष्कळदा आपले म्हणणे खरे करून घेतो. बोल्ट मात्र कोणाचा हुद्दा ओळखत नाही. तो धर्मगुरूपुढे नमत नाही आणि साहेबापुढेही नमत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी पूड गरम पाण्याने धुवावी लागते, ब्रशने घासावी लागते, मग व्हॅसलिन लावावे लागते. ऋण तार आधी काढायची आणि शेवटी जोडायची, हा क्रम पाळावाच लागतो. वस्तूचा स्वभाव जसा आहे, तसा आधी मान्य करणे भाग पडते. आध्यात्मिक परंपरेत नम्रतेचा अर्थ ह्याहून फार निराळा नाही. जे सत्य आहे, त्यापुढे आपली इच्छा वाकविणे म्हणजे नम्रता. ज्याला दिवसभर खुर्चीवरून हुकूम सोडण्याची सवय आहे, त्याने महिन्यातून एकदा गंजलेल्या नटबोल्टाशी गाठ घालावी. उपवासाइतकाच गुण येईल!

ह्या त्रासाच्या पोटी आनंदही आहे. किल्ली फिरविल्यावर इंजिन एका झटक्यात सुरू होते, त्या आवाजाचे सुख विकत मिळत नाही. गाडी तीच असते, पण आता ती आपल्याला कळलेली असते. ह्या आनंदाला शुभवर्तमानातही एक खूण सापडते. प्रभू येशूने जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान यांना बोलाविले, तेव्हा ते मचव्यात बसून आपली जाळी नीट करीत होते, असे संत मार्क सांगतो. सातपाटीच्या किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाळ्यांना टाके घालणारे कोळी बांधव पाहिलेल्या वाचकाला ते दृश्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मूळ ग्रीक भाषेत तेथे ‘कतार्तिझेइन’ हे क्रियापद आहे. गलतीकरांस लिहिताना संत पौल तेच क्रियापद वापरतो. चुकलेल्या बांधवाला सौम्यपणे ताळ्यावर आणा, असा त्याचा उपदेश आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पवित्र जनांना सेवेसाठी सिद्ध करण्याविषयी तो बोलतो, तेथेही त्याच धातूपासून झालेला शब्द येतो. फाटलेले जाळे, चुकलेला भाऊ आणि घडत असलेली ख्रिस्तसभा, या तिघांसाठी एकच शब्द! दुरुस्ती म्हणजे वस्तूला तिच्या कामासाठी पुन्हा समर्थ करणे. मोडले की फेकून द्यायचे, ही वृत्ती एकदा हाताला लागली की ती वस्तूंपाशीच थांबेल, याची खात्री कोणी द्यावी?

येथवर सारे स्वतः काम करण्याच्या बाजूचे झाले. आता मर्यादेकडे वळू. संत थॉमस अक्वायनस यांनी कला आणि विवेक यांत भेद केला आहे. घडवावयाच्या वस्तूंविषयीची योग्य बुद्धी म्हणजे कला आणि करावयाच्या कृतींविषयीची योग्य बुद्धी म्हणजे विवेक. ते आणखी एक मार्मिक निरीक्षण नोंदवितात. जाणूनबुजून चुकीचे काम करणारा कारागीर हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा कारागीर म्हणून सरसच असतो, कारण त्याला कला अवगत असते. सदाचरणात मात्र हे उलट होते. जाणूनबुजून चुकणाऱ्याचा दोष अधिक. हा भेद अंगणातल्या मोटारीला तंतोतंत लागू पडतो. नट कसा आवळायचा, हे कला सांगते. हा नट मी आवळावा की जाणकाराकडे सोपवावा, हे विवेक सांगतो. हातात कसब आले म्हणजे विवेकही आपोआप आला, असे समजण्यात धोका आहे.

ब्रेकचे उदाहरण घेऊ. ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) हा फ्रेंच गणिती आणि श्रद्धावंत कॅथलिक विचारवंत अनेक वाचकांना ऐकून माहीत असेल. पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवरून ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्यांची सेवा १६६२ साली सुरू झाली, तीही त्याच्याच पुढाकाराने. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा त्याचा नियम. आपण पायाने पेडल दाबतो, तो दाब ब्रेक ऑइलमधून चारही चाकांपर्यंत जातो, तो ह्याच नियमामुळे. परंतु हे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि आपल्या दमट किनाऱ्यावर ओल भरपूर. ओल शिरलेले तेल कमी तापमानाला उकळते. जव्हारचा घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. त्या क्षणी समोर कोण असेल? शाळेतून परतणारी मुले असतील, सायकलवरून कामाला निघालेला बोईसरचा मजूर असेल. त्यांनी आपल्या कसबावर विश्वास ठेवण्याचे कधी मान्य केले होते?

म्हणून मला वाटते, मर्यादेची रेषा ‘मला जमते काय’ ह्या प्रश्नाने न आखता ‘फसले तर कोणाला भोगावे लागेल’ ह्या प्रश्नाने आखावी. वायपर बिघडला, तर आपण गाडी बाजूला घेऊन थांबू शकतो. खिडकीची काच अडकली, तर आपण भिजतो. अशा कामांत खुशाल शिकावे, फसावे, पुन्हा करावे. ब्रेक, स्टिअरिंग, चाकांचे नट हे मात्र शेजाऱ्याच्या जिवाशी बांधलेले आहेत. तेथे हात लावलाच, तर दुसऱ्या जाणत्या माणसाच्या डोळ्याखालून काम गेल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. कारखान्यात काम केलेला अनुभवी फिटर हेच सांगेल : करणारा आणि तपासणारा एकच माणूस नसावा. आपल्या चुकीला आपला डोळा सरावलेला असतो. ख्रिस्तसभेला हे शहाणपण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. धर्मगुरू इतरांना पापक्षमा देतो, पण स्वतःसाठी त्याला दुसऱ्या धर्मगुरूपुढेच गुडघे टेकावे लागतात.

दुरुस्तीच्या जोडीला हल्ली ‘सुधारणा’ही आल्या आहेत. गाडीला नवे काही बसवावे, ही हौस निर्दोष आहे. पाय दुखणाऱ्या आईसाठी बरी गादी, पावसाळ्यासाठी चांगले टायर, ह्या सुधारणांत प्रेम आहे. पण समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे आणि झोपलेले गाव उठविणारा भोंगा यांनी नक्की कोणाचे काय सुधारते? मूळ रचनेपासून नोंदणीतील तपशील बदलेल, असा फेरफार मालकाला करता येत नाही, असे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते. कायद्यापलीकडेही एक गोष्ट आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी आपल्याच जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा अंत झाला. मागच्या आसनावर बसलेल्या त्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते. त्यानंतर एका क्षुल्लक वस्तूची देशभर चर्चा झाली. ती वस्तू म्हणजे पट्टा न बांधताच त्याची सूचना देणारा आवाज बंद करणारी क्लिप. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना ती विकणे बंद करण्याचा आदेश दिला. इशारा देणाऱ्या आवाजाला गप्प बसविण्यासाठी माणूस पैसे मोजतो, ही गोष्ट मोटारीपुरतीच आहे काय? सदसद्विवेकबुद्धीच्या तोंडाशीही आपण अशाच क्लिपा बसवीत असतो.

स्वतः काम केल्याचा आणखी एक लाभ न्यायाचा आहे. ज्याने एका बोल्टासाठी दोन तास घातले आहेत, तो मनोरच्या किंवा विरार फाट्याच्या मिस्त्रीला ‘पाच मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे?’ असे विचारणार नाही. ती पाच मिनिटे वीस वर्षांच्या तेलकट हातांनी कमावलेली असतात, हे त्याला कळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ ह्या विश्वपत्रकात श्रमाचे मोल प्रथम श्रम करणाऱ्या माणसाच्या प्रतिष्ठेत शोधले. ते वाचून पटते. गाडीखाली पडून राहिल्यावर ते अंगात मुरते. मिस्त्रीची मजुरी बुडविण्यासाठी पाना हाती घेणारा माणूस अर्धा धडा शिकतो. मिस्त्रीचा आदर करायला शिकला, तर धडा पुरा झाला.

रविवारी हे काम करावे काय, अशीही विचारणा काही कुटुंबांतून होते. १९८३ च्या धर्मसंहितेचा १२४७ वा नियम मिस्सेत सहभागी होण्याचे बंधन सांगतो आणि उपासनेला, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाला आणि तनामनाच्या विसाव्याला अडथळा आणणाऱ्या कामांपासून दूर राहण्यास सांगतो. मिस्सेनंतर मुलाला बॅटरी धरायला लावून, हसतखेळत केलेले तासाभराचे काम विसावाच ठरू शकते. तेच काम आरडाओरडीत घरादाराचा दिवस नासवीत असेल, तर ते सोमवारच्या मिस्त्रीकडे सोपवावे. कसोटी घरातल्या माणसांच्या चेहऱ्यांवर वाचता येते.

शेवटी प्रश्न मालकीचा. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाच्या कोठारप्रमुखाला सांगितले की, मठातील साऱ्या अवजारांकडे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे पाहावे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीबद्दल जगाला सावध केले. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटारींचा समावेश केला. हक्क मिळाला, ही चांगली गोष्ट. पण प्रत्येक हक्काच्या पाठीशी एक कारभारीपण असते. आपल्या दारची गाडी ही आपली असली, तरी तिच्यातले लोखंड, तिला लागणारे इंधन, तिच्यासमोरचा रस्ता आणि त्या रस्त्यावरची माणसे आपली नाहीत. ती देवाची आहेत. तेव्हा जे झेपेल ते आपल्या हातांनी करावे, जे झेपत नाही ते जाणत्याला मान देऊन सोपवावे, आणि दोन्हीतले कोणते कोठे, हे ठरविण्यासाठी पाना उचलण्यापूर्वी थोडे थांबावे. ह्या थांबण्यालाच शास्त्रकारांनी विवेक म्हटले आहे.