बहमनी राज्यातले ‘गरीब’

पंधराव्या शतकातल्या बिदरमध्ये ‘गरीब’ या शब्दाचा दारिद्र्याशी संबंध नव्हता. मूळ अरबीत गरीब म्हणजे परका, घरापासून दूर आलेला माणूस. इराण, इराक, मध्य आशिया अशा मुलखांतून येऊन बहमनी राज्यात स्थिरावलेल्यांना हे नाव होते. त्यांना आफाकीही म्हणत, म्हणजे क्षितिजापलीकडून आलेले. या गरिबांत मोठे व्यापारी होते, सेनापती होते, सुलतानाचा वजीर होता. त्यांचे प्रतिस्पर्धी स्वतःला दखनी म्हणवत. या दोघांच्या वैराने बहमनी राज्य पोखरले, हे इतिहासाच्या पुस्तकांत ठरलेले वाक्य आहे आणि ते खोटे नाही. पण त्यावरून भूमिपुत्र आणि उपरे यांचा झगडा असे जे चित्र उभे राहते, ते मला मान्य नाही. दखनी हा आधीपासून इथे असलेला एकसंध समाज नव्हताच. दरबारात जागा, जहागीर आणि मर्जी कशी वाटली जाते, यातून तो घडला.

दखनी म्हणजे नेमके कोण, हे पाहिले की मुद्दा उलगडतो. त्यांच्यातल्या कितीतरी घराण्यांचे पूर्वज 1327 मध्ये महंमद तुघलकाच्या हुकमाने दिल्लीहून दौलताबादेला आले होते. घरदार सोडायला लावलेली ही माणसे. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या सरदारांनी दिल्लीविरुद्ध बंड केले, त्यातून 1347 मध्ये बहमनी राज्य जन्माला आले. शंभर वर्षांनी त्यांचे वंशज नव्याने आलेल्यांना परके म्हणत होते. याच गटात धर्मांतरित स्थानिकही होते. पुढे दखनींचा पुढारी झालेला मलिक हसन निजाम-उल-मुल्क मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. आणि सर्वांत बोलका पुरावा हबशींचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली ही माणसे आफाकींसारखीच अरबी समुद्र ओलांडून आली होती, तरी दरबारी राजकारणात ती बहुधा दखनींच्या बाजूला असत. जन्मभूमीवरून गट पडले असते, तर हबशी तिथे दिसलेच नसते.

मग बहमनी सुलतानांना समुद्रापलीकडची माणसे का हवी होती? दिल्लीशी फारकत घेतल्यावर उत्तरेतून मनुष्यबळ येण्याची वाट आटली. फारसी जाणणारे लेखक, वैद्य, धनुर्धारी, कारागीर आता चौल, दाभोळ, गोवा या बंदरांतूनच येऊ शकत होते. बहमनी सुलतान फिरोजशहा अशा गुणवंतांना आणण्यासाठी जहाजे पाठवत असे, अशी नोंद आहे. घोड्यांची गोष्टही तीच. चांगल्या घोड्यांची पैदास इथल्या हवामानात होत नसे. ते अरबस्तान आणि इराणकडून येत, आणि घोडदळाशिवाय विजयनगरसमोर उभे राहणे अशक्य होते. पण याहून खोल असे एक राजकीय कारण होते. नव्याने आलेल्या माणसाला इथे भाऊबंद नसतात, वतन नसते. त्याचा सगळा आधार सुलतान. म्हणून तो सुलतानाला विश्वासाचा वाटे. दुसऱ्या अलाउद्दीन अहमदच्या कारकिर्दीत खानदेशच्या मोहिमेत आफाकींनी विजय मिळवला, तेव्हा दरबारात त्यांनी उजवीकडे आणि दखनी-हबशींनी डावीकडे उभे राहावे असा हुकूम निघाला. एका हुकमाने भेद सर्वांच्या डोळ्यांसमोर रोज उभा राहू लागला.

त्याची किंमत काही वर्षांतच चाकणला मोजली गेली. 1447 च्या सुमारास आफाकी सेनापती मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी कोकणात शिर्के आणि संगमेश्वरकरांवर चालून गेला आणि सह्याद्रीच्या जंगलात सैन्यासह कापला गेला. वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात आश्रयाला आले. दखनी सरदारांनी ते फितूर झाल्याचे सुलतानाला कळवले, शिक्षेची आज्ञा मिळवली, अभयाचा शब्द देऊन त्यांना जेवायला बोलावले आणि तिथेच कत्तल केली. खरा प्रकार कळल्यावर सुलतानाने दखनी सरदारांना शिक्षा केली. म्हणजे सूड आता दुसऱ्या बाजूने फिरला. या सगळ्यात शिर्क्यांकडे पाहायला हवे. त्यांचा ना उजव्या रांगेशी संबंध, ना डाव्या. इथले जुने रहिवासी शोधायचे तर ते या डोंगरांत होते, आणि ते दोघांशीही लढत होते.

यावर पहिला आक्षेप पंथाचा येतो: आफाकी बरेचसे शिया, दखनी सुन्नी, मग भांडण धार्मिकच नव्हे का? पंथाने तेढ वाढवली, यात शंका नाही. पण मलिक हसनच्याच वंशातल्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने 1537 मध्ये शिया पंथ राज्याचा म्हणून स्वीकारला, तोही शाह ताहिर या इराणहून आलेल्या विद्वानाच्या प्रभावाने. पंथ हे मूळ कारण असते, तर दखनींच्या अग्रणी घराण्यात हे घडणे कठीण होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाकणची हकीकत आपण प्रामुख्याने फरिश्त्याकडून ऐकतो, आणि फरिश्ता स्वतः अस्त्राबादचा, आफाकी. त्याचे झुकते माप धरूनच चालले पाहिजे. म्हणून ज्याला या भांडणात काही मिळवायचे नव्हते, अशा माणसाची साक्ष मोलाची ठरते. रशियन व्यापारी अफनासी निकितिन 1469 च्या आसपास एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला. मुसलमान झालास तर घोडा आणि वर हजार मोहरा देतो, नाहीतर दंड भर, असे बजावले. निकितिनला चार दिवसांची मुदत होती. महंमद नावाच्या एका खोरासानी खोजाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला. एका परदेशी माणसाला दुसऱ्या परदेशी माणसाची ओळख कशी तारते, ते या प्रसंगात दिसते, आणि सत्तेच्या जागांवर खोरासानी बसल्याचे त्याने स्पष्ट लिहिले आहे. मुलखातली रयत हलाखीत आणि सरदार ऐषआरामात, हेही त्याने टिपले. दखनी-आफाकी वादाने त्या रयतेचे काहीच भले केले नाही, हे मान्यच करायला हवे.

हा पेच ज्याला खरोखर समजला होता तो महमूद गवान. गिलानचा हा व्यापारी 1453 मध्ये दाभोळला उतरला आणि पुढे राज्याचा वजीर झाला. त्याने 1472 मध्ये बिदरला मदरसा बांधला. त्याच्या रंगीत फरशा आज पडझडीतूनही नजर खिळवतात. पण मला त्याची सुभ्यांची फेररचना मोठी वाटते. चार तरफांच्या, म्हणजे सुभ्यांच्या, त्याने आठ केल्या, तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकी किल्ले सुलतानाच्या अखत्यारीत आणले, आणि नेमणुका दोन्ही गटांत वाटल्या. स्वतः आफाकी असून त्याने आपल्या माणसांचीही ताकद कापली. मलिक हसनच्या तेलंगणाचे राजमहेंद्री आणि वरंगळ असे दोन तुकडे झाले. राग आला तो इथे, मुलूख कमी झाला म्हणून. गवानचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उठवला गेला, त्यावर ओडिशाच्या राजाला बोलावणारे पत्र लिहिले गेले, आणि एप्रिल 1481 मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. पुढे त्याच तरफांच्या तरफदारांतून विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड अशी स्वतंत्र राज्ये निघाली.

त्या राज्यांत परक्यांनी आणलेले बरेच काही इथलेच होऊन गेले. फारसी दप्तरात आधीपासून होतीच. नव्याने येणाऱ्या लेखकांनी ती ताजी ठेवली, आणि लिहिणारा या अर्थाचा ‘नवीस’ फडणीस, चिटणीस, पोतनीस या मराठी आडनावांत जाऊन बसला. उलट विजापुरात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने बऱ्याच आफाकींना चाकरीतून काढले आणि महसुलाचे हिशेब देशी भाषांत आणले, तेव्हा ब्राह्मण कारकुनांना दरवाजा उघडला. आणि अहमदनगरात दखनींचा शेवटचा मोठा नेता झाला तो मलिक अंबर: आफ्रिकेत जन्मलेला, गुलामांच्या बाजारांत विकला गेलेला, निजामशाही पेशवा चंगीझखानाने विकत घेतलेला. मोगलांविरुद्ध त्याने मराठी बारगीर हाताशी धरले. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा त्याने पराभव केला, तेव्हा शहाजीराजे त्याच्या बाजूने लढत होते आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी त्याच रणात पडले.